न कापलेला गठ्ठा

यशवंता, ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. टाळायला काही विशेष करावं लागलं नाही. दर रविवारी दुपारी मी दहिवलीहून टमटम धरून तुझ्या गावी यायचो, बंद भातगिरणीच्या पडवीत बसायचो, तू म्हणायचास, "आलास का शांत्या? बस, हरायला," आणि सांगायचं राहून जायचं.

तुला जाऊन आता तीन आठवडे झाले. परवा केतनचा फोन आला. म्हणाला, "काका, आपल्या पत्त्यांच्या खेळाची पुस्तिका छापतोय. नियम, सगळ्या पानांची चित्रं. सुरुवातीला यशवंतकाकांवर तुम्हीच लिहा. आणि बँकर परत आणायचा की नाही, ते छापायच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवायचंय." मी हो म्हणालो. बँकरचं पान खेळातून गेलं ते माझ्यामुळे. ते खरं कशामुळे गेलं हे कालपर्यंत माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, हे मी लिहिणार नाही. कर्जत ते खालापूर रस्त्यावर अजून चार-दोन दुकानांवर तुझ्या हातच्या पाट्या आहेत. 'र'ची शेपटी उगाच लांब ओढलेली दिसली की ओळखावं, यशवंता रंगारी इथून गेला होता. मग फ्लेक्स आला आणि तुझे ब्रश डब्यात वाळले. तेव्हा तू मला म्हणाला होतास, "हात शिवशिवतात रे. काय रंगवू? म्हशी रंगवू?" म्हशी नाही रंगवल्यास, पण लग्नपत्रिका हाताला लागल्या. आपल्याकडे पत्रिका टाकवत नाही, वर देव असतो. घराघरांत गठ्ठे साचलेले. तू ते गोळा केलेस, पत्त्यांच्या मापाने कापलेस, आतल्या कोऱ्या बाजूला चित्रं काढलीस आणि मागे वह्यांना घालतात तो खाकी कागद चिकटवलास, म्हणजे पाठी सगळ्यांच्या सारख्या. निदान तुला तसं वाटलं.

खेळाचं नाव 'घाट'. आपल्या दोघांचं आयुष्य ज्याच्याकडे बघत गेलं तोच. बारा टप्पे चढून जो आधी वर पोचेल तो जिंकला. मालगाडीचं पान तीन टप्पे नेतं. दरड, धुकं, रुळावर बसलेलं माकड, ही पानं समोरच्याला अडवतात. प्रत्येकाचा तीस पानांचा आपला गठ्ठा, आपल्या अकलेनं जमवलेला, हवं ते पान दुसऱ्याकडून अदलाबदलीनं मिळवलेला. सुरुवातीला हातात पाच पानं, आणि आपल्या पाळीला एकच पान टाकायचं. ही गठ्ठ्यांची आणि अदलाबदलीची युक्ती केतनची. तो नेरळच्या नव्या इमारतींत राहणारा, मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून पडवीच्या सावलीत थांबला आणि तुझी चित्रं बघून तिथेच रुतला. तो कंपनीनं छापलेली परदेशी पानं खेळायचा. त्याच्याकडून तू सगळं शिकून घेतलंस आणि वर त्यालाच म्हणालास, "तुमच्या पानांवर नुसते राक्षस. आमच्याकडं माकड पुरे."

आणि बँकर. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जोडतात ते इंजिन. मी नोकरीची सगळी वर्षं कर्जत स्टेशनात तीच जोडणी केली. ते पान तू माझ्यासाठी काढलंस. तुझ्या सगळ्या पानांत ते सगळ्यात देखणं होतं. इंजिनाच्या तोंडावर तू चेहरा काढला नव्हतास, तरी ते दमलेलं आणि समाधानी दिसायचं. त्याचा नियम असा की त्या पाळीत जेवढे टप्पे झाले असतील ते दुप्पट. गठ्ठ्यात जास्तीत जास्त दोन. बाकीच्यांना तू कुठल्याही पत्रिकेची पानं दिलीस, पण माझे दोन्ही बँकर तू माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतून कापलेस. म्हणालास, "जाडजूड भारी पत्रिका होती तुझी. तुझ्या घरचं कार्य, तुझ्या हाताखालचं इंजिन. घे."

त्या पत्रिकेवर उठावाचा गणपती होता आणि उठावाचा कलश; एका बँकरच्या पाठीला गणपती आला, दुसऱ्याच्या पाठीला कलश. वरून खाकी कागद लावला तरी अंगठ्याला ते लागायचे. आधी मला ते गमतीचं वाटलं. गठ्ठा पिसताना मुलीचं लग्न हाताला लागतं, असं मी बायकोला सांगितलंही. त्यात लबाडी आहे हे मला कितीतरी महिने सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

हिराबाईबद्दल लिहिलं पाहिजे, कारण हे सगळं तिच्याशी खेळताना घडलं. डोंगरातल्या ठाकरवाडीतून ती रानभाजी घेऊन उतरायची, गिरणीसमोर सडकेला भाजीची पाटी ठेवून बसायची. गिऱ्हाईक नसलं की आपला खेळ बघायची. तू तिला पाच पानं दिलीस. सहा महिन्यांत तिचा गठ्ठा सगळ्यांत भारी. कुणाचं कुठलं पान निघून गेलं, कुठलं यायचं आहे, सगळं तिच्या डोक्यात. एकदा तिनं माझ्याकडून दोन धुकं घेऊन मला एक मालगाडी दिली आणि वर म्हणाली, "मामा, तुमाला गाड्या लय आवडत्यात ना, घ्या." पुढच्या रविवारी त्याच दोन धुक्यांनी तिनं मला दहाव्या टप्प्यावर अडकवून ठेवलं आणि शांतपणे वर चढून गेली. मग तिचा तो टोमणा सुरू झाला, जो पुढे सगळी पडवी म्हणायला लागली: "बँकरवालं मामा काय घाट चढत नाय!"

मी हसायचो. यशवंता, मला तो लागायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वर ढकलल्या आणि तुझ्या कागदी घाटातसुद्धा मी खालीच.

गठ्ठा पिसून झाला की समोरच्यानं तो कापायचा, हा नियम तूच केला होतास. पण हिराबाईनं पहिल्या दिवशीच माझा गठ्ठा कापायला नकार दिला होता. "मोठ्या मानसाचा गठ्ठा कापायचा? बरं दिसत नाय. माझा काय भरवसा नाय काय तुमच्यावर?" आणि तिनं गठ्ठ्यावर नुसतं एक बोट टेकवलं, पायाला हात लावतात तसं. तुला ते फार आवडलं. मग ती रीतच पडली. साठीच्या वरच्या माणसाचा गठ्ठा कापायचा नाही, बोट टेकवायचं. केतनसुद्धा बोट टेकवायचा. त्याच्या कंपनीच्या खेळात असं करणाऱ्याला वेड्यात काढतील म्हणायचा, पण टेकवायचा.

तर तो अंतिम सामना. तू पहिल्यांदाच सगळ्यांची लढत लावली होतीस. बक्षीस म्हणून तू स्वतः रंगवलेली पाटी, स्टेशनच्या नावाच्या पाटीसारखी, पिवळ्यावर काळी अक्षरं. नावाची जागा रिकामी ठेवून तू ती भिंतीला टेकवून ठेवली होतीस. त्या दिवशी पानं बरी पडत गेली आणि शेवटी उरलो मी आणि हिराबाई. माझी मुलगी आणि जावई मुद्दाम बघायला आले होते. जावयानं विचारलं, "पप्पा आतापर्यंत किती वेळा जिंकलेत?" तू खरं ते सांगितलंस आणि सगळे हसले. मुलगीही हसली.

मी गठ्ठा पिसायला घेतला. अंगठ्याला गणपती लागला. मी तो वर घेतला. मग कलश शोधला. पिसत पिसतच, कुणाला कळणार नाही असा, तोही वर घेतला. इतकी वर्षं अंधारात चाचपून जोडण्या केलेले हात, त्यांना ते जड नव्हतं. माझ्या गठ्ठ्यात मालगाड्या भरपूर आणि 'सिग्नल मोकळा' चार. ते पान असलं की एका पाळीत हातातली सगळी पानं टाकता येतात. बँकर वर आणले की उरलेली तीन पानं नशिबावर सोडायला हरकत नव्हती. अर्धं नशीब होतंच. त्या अर्ध्या नशिबाच्या आडोशाला मी सहा वर्षं बसलो.

मी गठ्ठा पुढे केला. हिराबाईनं बोट टेकवलं.

पहिली पाळी माझी होती. सिग्नल मोकळा. मालगाडी, तीन. बँकर, सहा. बँकर, बारा. गिरणीच्या वजनकाट्याच्या फळीवर पानं ठेवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सामना संपला. आधी कुणाला कळलंच नाही. मग आरडाओरडा झाला, जावयानं टाळ्या वाजवल्या, केतन दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. हिराबाई मात्र तशीच बसली होती, पाच पानं पंख्यासारखी धरून. ती रागावली नव्हती. पानांकडे बघून म्हणाली, "माजी पानं तशीच हातात रायली गं बाय."

तू त्याच दिवशी पाटीवर माझं नाव रंगवलंस. 'शांताराम'. त्यातल्या 'र'ची शेपटी पार पाटीच्या कडेपर्यंत. आणि खाली, स्टेशनच्या पाटीवर असतं तसं, 'समुद्रसपाटीपासून उंची पाच फूट तीन इंच'. पडवी हसून लोळली. मीही हसलो. ती पाटी माझ्या ओटीवर टांगली होती, येणारा प्रत्येक जण ती वाचून हसायचा, आणि दर वेळी मला हिराबाईच्या हातातली पाच पानं दिसायची.

आपलं भांडण त्यानंतर सुरू झालं. केतननंच ठिणगी टाकली. "काका, पहिल्याच टर्नला जिंकता येणं हे गेमसाठी अनहेल्दी असतं. आमच्याकडे असं पान सापडलं की बंदच करतात."

"काय झालंय खेळाला?" तू म्हणालास. "जुलाब?"

पण तू हसत नव्हतास. दुसऱ्या रविवारी मला म्हणालास, "शांत्या, पोरगं बरोबर बोलतंय. हिराबाई भाजीची पाटी आवरून, गिऱ्हाईक सोडून खेळायला बसली. तिला एक पान टाकायला मिळालं नाही. मग ती आली कशाला? नुसतं बोट टेकवायला?"

त्यावर मी काय बोललो आठवतंय? मी म्हणालो, नशिबाची पण काही जागा पाहिजे की नाही खेळात? सगळं अकलेवर ठेवलंस तर केतन आणि हिराबाई सोडून कोण खेळेल? म्हाताऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी घाट सपाट मिळू दे. मुद्दा वाईट नव्हता. आजही मला तो पटतो. पण तो मांडायचा अधिकार माझा नव्हता. तू म्हणालास, मग असं करू, पहिल्या पाळीत कुणी वर पोचला तरी समोरच्याला एक पाळी द्यायची, त्यानं दरड टाकून खाली खेचलं तर डाव चालू. मी त्यालाही विरोध केला. का? तो नियम झाला तर त्या दिवशी हिराबाईच्या हातात काय होतं हे कुणीतरी तिला विचारलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

मग तू जे केलंस ते मला सगळ्यात जास्त टोचतं. तू वही घेतलीस आणि माझ्या गठ्ठ्यासारखाच एक गठ्ठा बनवलास. पिसायचं, पाच पानं काढायची, सिग्नल, मालगाडी आणि दोन बँकर ही चौकडी आली की नाही ते बघायचं, वहीत रेघ ओढायची, पुन्हा पिसायचं. तो सगळा पावसाळा तू हेच केलंस. मी समोर बसून चहा प्यायचो. वहीची पानं रेघांनी भरत गेली आणि चौकडी काही येईना. एकदा तू चष्मा कपाळावर सारून म्हणालास, "कमाल आहे रे. बोटं दुखायला लागली. तुला ते एका झटक्यात आलं, तेही शेवटच्या सामन्यात. तुझं नशीब मोजायला माझी वही पुरत नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. फक्त आपण दोघं होतो. तुला राग आला असता, दोन रविवार बोलला नसतास, मग म्हणाला असतास, "बस, हरायला." एवढंच झालं असतं. मी म्हणालो, "चहा गार होतोय."

पावसाळा संपल्यावर तू ठरवलंस. चौकडी दुर्मीळ आहे हे तुझ्या वहीनंच सांगितलं होतं, पण तू म्हणालास, "एकदा आली ना? ज्याच्यावर आली त्याला दुर्मीळ असून काय उपयोग?" सगळ्यांचे बँकर तू परत मागून घेतलेस. स्वतःच्या हातचं सगळ्यात सुंदर पान तू बिस्किटाच्या डब्यात बंद केलंस, आणि कुणी नवीन आलं की सांगायचास, "एक पान होतं, पण माझं गणित चुकलं त्यात." तुझं गणित चुकलं नव्हतं, यशवंता. तू पावसाळाभर मोजलेलं अगदी बरोबर होतं.

मी माझा कलश डब्यात टाकला. गणपती हरवला म्हणून सांगितलं. तो माझ्या पाकिटात होता. अजून आहे.

तरी ही सहा वर्षं वाईट गेली असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तो आणखी एक खोटेपणा होईल. तुझ्या पडवीत मी जेवढा हसलो तेवढा कुठेच हसलो नाही. हिराबाई पुढच्या रविवारीच परत आली होती, मला बघून म्हणाली, "आज तरी एक पान टाकू देनार काय मामा?" आणि तिनं मला पार नवव्या टप्प्यावरून खाली आणलं. त्यानंतर मी कधी लबाडी केली नाही आणि कधी मोठा सामना जिंकलोही नाही. दोन्हीचं मला समाधान आहे. तू करवंदाचं पान काढलंस, भजी तळणारी बाई काढलीस, आंधळं वळण काढलंस. एका पानावर हिरवा झेंडा घेतलेला म्हातारा काढलास आणि म्हणालास, "हा तू नाहीस, हा उंच आहे."

शेवटी भेटलो तेव्हा मी सांगायचंच ठरवून आलो होतो. पाकीट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं होतं, काढायला सोपं. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास. तुझी सुमन मोसंबी सोलत होती. "बाबा आज बोलतायत बघा काका, काल नुसते पडून होते," ती म्हणाली आणि मोसंबी माझ्या हातात देऊन चहा टाकायला आत गेली. मी फोडी सोलून तुला देत राहिलो. तू विचारलंस, "रविवारी कोण कोण होतं?" मी सांगितलं. "हिराबाई?" होती. "जिंकली?" जिंकली. तू डोळे मिटून हसलास. मग म्हणालास, "शांत्या, तुझा तो बारा टप्प्यांचा हात. मी खेळ बनवला, पण असा हात मला एकदाही आला नाही रे. बघायला मिळाला, बास."

माझा हात खिशाकडे गेला होता. तो तसाच खाली आला. तुझ्या चेहऱ्यावरचं ते सुख काढून घ्यायची माझी छाती झाली नाही, असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं. खरं असं की मी भ्यालो.

काल ओटीवरची पाटी उतरवली. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी हिराबाईला सांगा, मग छापा." सकाळी पाटी घेऊन गेलो. ती गिरणीसमोर टाकळ्याच्या जुड्या बांधत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, अंगठा, गणपती, कलश, सगळं. तिनं जुडी बांधून पूर्ण केली.

"माज्या हातात दोन दरडी व्हत्या त्या दिशी," ती म्हणाली. "आजून ध्येनात हाय."

मग तिनं मला भाजीच्या पाटीशेजारी बसायला जागा करून दिली. "तुमी त्याला सांगितलं काय, यशवंतमामाला?"

"नाही."

"आता काय करनार मग," ती म्हणाली, आणि टाकळ्याची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. बक्षिसाची पाटी मी तिच्याजवळ ठेवून आलो. ती म्हणाली, नाव तेच राहू द्या, माझ्या गुरांच्या गोठ्याला लावीन.

तर केतन, हे पुस्तिकेत जसंच्या तसं छाप, आणि ठरवायला बसाल तेव्हा आधी सगळ्यांना वाचून दाखव. बँकर परत आणा. पहिल्या पाळीत जिंकणं खेळाला मारतं की नाही यावर खुशाल भांडा, यशवंताला ते आवडलं असतं. पण माझा तो विजय पुरावा म्हणून मधे आणू नका. यशवंताचा नियमही घ्या, समोरच्याला एक पाळी देण्याचा. तो बरोबर होता. आणि गठ्ठा कापत जा, माणूस कितीही म्हातारा असला तरी. माझा तर नक्कीच.

यशवंता, हिराबाईला तिची पाळी मिळाली. ती काय बोलली ते मी ऐकलं. तुला ती मी दिली नाही. तू काय म्हणाला असतास, किती दिवस बोलला नसतास, काही मला कळणार नाही. पाकिटातला गणपती आता काढून समोर ठेवला आहे, अंगठ्याला अजून लागतो. त्या दिवशी मोसंबी सोलताना म्हणायचं होतं ते असं होतं: ते नशीब नव्हतं. मी तुझ्या पानांना हातानं शोधून वर आणलं. तुझ्या खेळात काहीही खोट नव्हती. माझं चुकलं, यशवंता. मला माफ कर.